पारा झटकला

सोमवार, ५

पोचले एकदाची, आणि काय सांगू, मन अगदी खूश झालं! नर्सिंग ब्यूरोवाल्या बाईने फोनवर सुताराचं घर आहे एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे मी भुसा, ढेकूण आणि खिळे यांची तयारी ठेवून आले होते. घर बघून तोंडात बोटं घातली. रस्त्याला लागून फर्निचरचं दुकान, त्यामागे कारखाना, कारखान्याच्या पोटात लाकूड सुकवायची गरम खोली, मागे छोटं अंगण. वर तीन खोल्या, चकाचक. माझ्या खोलीतलं कपाट बोटाने ढकललं तरी आवाज न करता बंद होतं. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या करकरणाऱ्या लोखंडी कपाटात साड्या ठेवलेल्या बाईला याचं किती अप्रूप! निवृत्तीनंतर भावजयीच्या घरी मला एक ड्रॉवर मिळाला होता, त्यातही निम्मे तिचे जुने स्वेटर.

माणसं तीनच. मालकाला सगळे मिस्त्री म्हणतात. फार कमी बोलणारा माणूस. कानावर पेन्सिल, खिशात पट्टी, चहाचा कप ठेवतानासुद्धा टेबलाच्या कडेपासून अंतर बघून ठेवतो. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, एकदम गोड. मला सिस्टर म्हणते आणि ताटात वाढताना थांबतच नाही. आणि माझी पेशंट बेबी. बेबी कसली, बावीस वर्षांची घोडी आहे, पण घरचं नाव ते घरचं नाव. उजव्या पायाचं हाड दोन जागी मोडलंय, ऑपरेशन झालंय, प्लॅस्टर मांडीपर्यंत. जिन्यावरून पडली म्हणे. टाक्यांजवळ थोडी लाली आहे, त्यामुळे ताप येतो का ते दिवसातून चारदा बघायचं, एवढंच काम. मला मावशी म्हणायला लागलीसुद्धा.

भिंतीवर एका मुलाचा फोटो आहे. मोठा भाऊ, तीन वर्षांपूर्वी तापात गेला. मी हळहळले. वहिनी नुसती हसली आणि मला अजून एक पोळी वाढली.

बुधवार, ७

बेबीशी छान जमलंय. मात्र या पोरीला काडीची शिस्त नाही. मी थर्मामीटर घेऊन आले की ही नेमकी चहा पीत असते. काल शेवटी माझा पारा चढला. म्हटलं, बाई गं, गरम चहा प्यायल्यावर अर्धा तास थांबायचं, नाहीतर मोजला जातो तो तुझा ताप नाही, चहाचा! थर्मामीटर जिभेखाली, मागच्या बाजूला, ओठ बंद, दातांनी चावायचा नाही. मुकाट तीन-चार मिनिटं. काखेत घेतला तर एखादा अंश कमी येतो, म्हणून रोज एकाच जागी घ्यायचा. धुवायचा गार पाण्याने, उकळत्या पाण्यात बुडवलात तर काच फुटलीच म्हणून समजा. ती हसत होती. म्हणाली, मावशी, तुम्ही शाळेत असतात तर सगळी पोरं पळून गेली असती.

आणि हे सगळं व्याख्यान झोडून मी माझाच बॅटरीचा थर्मामीटर फरशी पुसायच्या बादलीत पाडला. बंद पडला तो पडलाच. मिस्त्रींना नवा आणायला सांगितलाय. शुक्रवारी आणतो म्हणाले.

गुरुवार, ८, दुपारी

दोन वाजता बेबीचं अंग गरम लागलं. वहिनी बाजारात, मिस्त्री रंध्याच्या मशीनवर. ते मशीन सुरू असलं की शेजारी बाँब पडला तरी कळायचं नाही. म्हटलं, ज्या घरात मुलगा तापाने गेला तिथे एखादा थर्मामीटर असणारच. शोधलं तर वहिनींच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, सुंदर लाकडी पेटी. आत मखमल, आणि मखमलीवर साधा काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर. पारा चढलेला, एकशे सहाच्या वर दोन बारीक रेघा. वापरला आणि तसाच ठेवून दिला! लोकांना ही साधी गोष्ट कळत नाही याचा मला फार राग येतो. पाऱ्याचा थर्मामीटर आपोआप उतरत नाही. एकदा चढला की तिथेच बसतो, झटकावा लागतो.

मी झटकला. मनगटाला तीन झटके, पारा पंच्याण्णवाच्या खाली. धुतला, बेबीजवळ नेला.

बेबीने तो बघितला आणि तोंड गच्च मिटलं. रंगच उडाला तिचा. कुठून आणला म्हणाली. सांगितलं. झटकलात का, म्हणाली. म्हटलं, मग, झटकल्याशिवाय कसा लावणार? त्यावर ती रडायला लागली आणि मला म्हणाली की मावशी, आई यायच्या आत निघा, बॅग राहू दे.

प्लॅस्टरमध्ये अडकलेली मुलगी कधीकधी असं करते. ताप निघाला नव्व्याण्णव. काळजीचं काही नाही. पुन्हा झटकून, पुसून पेटीत ठेवून आले.

शुक्रवार, ९

डाव्या हाताने लिहितेय. अक्षराकडे बघू नये.

काल सहाला वहिनींनी पेटी उघडली. रोज उघडतात, हे मला माहीत नव्हतं. ओरडल्या नाहीत. पलंगावर बसून पेटीत बघत राहिल्या, आणि मग मिस्त्रींना हाक मारली. मिस्त्री मला खाली कारखान्यात घेऊन गेले. फार सभ्यपणे विचारलं, सिस्टर, पारा तुम्ही उतरवलात का. मी आपली हो म्हटलं, वर दोन शब्द शिकवलेसुद्धा. कसा झटकायचा ते दाखवा म्हणाले. मूर्खासारखी हात उडवून दाखवलं. कोणता हात, म्हणाले. म्हटलं, उजवा.

आधी माझा फोन लाकूड आवळायच्या लोखंडी शिकंज्यात धरून दांडा फिरवला. काचेचा चुरा झाला. मग मशीन सुरू केलं. मग माझा हात. वहिनींनी मला मागून कवेत धरलं होतं, लहान मुलाला इंजेक्शनला धरतात तसं. मिस्त्रींनी दांडा एकदम नाही फिरवला. अर्धा वेढा, थांबायचं, पुन्हा अर्धा. दोन बोटं आणि तळव्याचं एक हाड गेलं. आवाज मी ऐकला नाही, मशीन चालू होतं. पण आतून कळतं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची हाडं बांधली, स्वतःचं मोडताना काय होतं ते काल कळलं.

जागी झाले तेव्हा बेबीच्या खोलीत होते. दाराला बाहेरून कडी. खिडक्यांना मिस्त्रींनी स्वतः बसवलेले गज. कारागिरांना सोमवारपर्यंत सुट्टी दिलीय. बेबीने पलंगावरून वाकून, दातात बँडेज धरून माझा हात बांधला. चुकीचा बांधलाय, पण रडत बांधलाय, म्हणून मी काही बोलले नाही.

शनिवार, १०

बेबीने सगळं सांगितलं. जसं समजलं तसं लिहिते.

भाऊला ताप आला तेव्हा घरात थर्मामीटर नव्हता. मिस्त्रींनी नवा आणून दिला. कसा लावायचा ते कोणाला माहीत नव्हतं. भाऊ पलंगावर बसून चहा पीत होता. कप खाली ठेवला आणि वहिनींनी तोंडात थर्मामीटर दिला. एकशे सहा आणि दोन रेघा.

पाचावर धारण बसली सगळ्यांची. वहिनींनी कुठे ऐकलं होतं की एवढा ताप असला तर बर्फात ठेवायचं. अंगणात लांबट लोखंडी हौद आहे, वाकवायच्या लाकडी पट्ट्या भिजत घालायचा. त्यात झोपवलं. मिस्त्री कोपऱ्यावरून बर्फाच्या लाद्या आणायचे, टाकायचे आणि मशीनवर परत जायचे, दुसऱ्या दिवशीची ऑर्डर होती. अर्ध्या तासाने पुन्हा मोजला. तेवढाच. पुन्हा बर्फ. पुन्हा मोजला. तेवढाच. सात वेळा. भाऊ ओरडत होता की मला थंडी वाजतेय, ओठ निळे झालेत, सोडा. बाहेर यायला धडपडत होता. वहिनींनी खांदे दाबून ठेवले. आणि बेबीने पाय धरले. तिने हे मला अगदी सहज सांगितलं, मी पाय धरले होते, त्याला बरं वाटावं म्हणून.

संध्याकाळपर्यंत तो गेला. थर्मामीटर तेव्हाही एकशे सहा आणि दोन रेघा.

म्हणून वहिनी म्हणतात, त्याचा ताप अजून आहे. ताप आहे म्हणजे जीव आहे. रोज सहाला बघतात, आहे ना. गेल्या महिन्यात बेबी नोकरीसाठी बाहेरगावी निघाली, तर एक मूल या पेटीत आणि दुसरं बाहेरगावी, असं होणार नाही म्हणत वहिनींनी लाकडी हातोड्याने तिचा पाय मोडला. जिना-बिना काही नाही.

मी हे ऐकलं आणि माझं बुधवारचं व्याख्यान आठवलं. त्या मुलाला एकशे सहा ताप नव्हताच. तो चहाचा होता. एकदा चढला, कोणी झटकला नाही, आणि त्या चहाच्या तापासाठी आईने आणि बहिणीने त्याला बर्फात दाबून मारलं.

माझ्या जिभेला हाड नाही असं अख्खं हॉस्पिटल म्हणायचं. आज पहिल्यांदा गप्प बसले. या पोरीला कसं सांगू?

शनिवार, संध्याकाळ

वहिनी वर आल्या होत्या. जेवण आणलं, माझ्या बोटांवर फुंकर घातली. म्हणाल्या, जेवढा उतरवलात तेवढा चढवून द्या सिस्टर, माझं काही म्हणणं नाही. माणसाच्या अंगातूनच यायला हवा. भाऊच्या पाठची एकच आहे. उद्या रविवार, दुकान बंद. बेबीला गरम खोलीत ठेवू, लाकूड सुकतं त्या खोलीत, आणि तुम्ही बाहेर बसून थर्मामीटर लावत राहायचं.

हे सगळं ताटात भाजी वाढत वाढत.

त्या खोलीत माणूस तासभर टिकायचा नाही. शिवाय ही नुकती ऑपरेशन झालेली पोर. काहीही करून हिला त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. बस्स. माझं पुढचं काय ते नंतर.

रविवार, ११, सकाळी

युक्ती केली. वहिनी थर्मामीटर आणि आंघोळीला गरम-गार पाण्याच्या बादल्या ठेवून गेल्या होत्या. आंघोळीच्या कोमट पाण्यात थेंबथेंब गरम मिसळत पारा चढवला. एकशे चार. पाच. सहा. दोन रेघा! नेमका! डाव्या हाताने! वहिनींना हाक मारून सांगितलं, घ्या, माझ्या अंगात आला होता, चढला.

त्यांनी पारा बघितला. हसल्या. मग माझ्या कपाळाला हात लावला. मग बेबीच्या. दोघी गार. मग बादलीत बोट बुडवून बघितलं.

पाण्याचा ताप देतेस मला, म्हणाल्या. माझ्या लेकाच्या जागी पाणी.

माझे केस धरून डोकं बादलीच्या काठावर आपटलं. किती वेळा ते — चार दात हलताहेत, एक हातात आलाय. बेबी ओरडत होती. मिस्त्री आले, बेबीला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि नेलं. प्लॅस्टर दाराच्या चौकटीवर आपटलं. तिची किंकाळी जिन्यातून खाली खाली गेली.

मलाही नेतील. मोजायला लागते ना मी. पावलं —

रविवार, बारा वाजता

सांगून टाकलं. सगळं.

गरम खोलीच्या दारापाशी स्टुलावर बसवलं होतं मला. आत बेबी आधी ओरडत होती, मग दार खरवडत होती, मग नुसतीच — वहिनी पंखा घ्यायला वर गेल्या, स्वतःसाठी. उकडत होतं ना त्यांना. मिस्त्री आणि मी दोघंच. मी म्हटलं, मिस्त्री, तुम्ही मापाचा माणूस, दोन मिनिटं माप बघा.

थर्मामीटर झटकला. माझ्या तोंडात धरला. साडेअठ्ठ्याण्णव. दाखवला. मग त्यांच्या प्यायच्या गार पाण्याच्या तांब्यात बुडवला. बाहेर काढला. साडेअठ्ठ्याण्णव. पुन्हा बुडवला. तेवढाच. म्हटलं, बघा, उतरत नाही. झटकल्याशिवाय उतरत नाही. मग झटकला. उतरला.

त्यांनी थर्मामीटर माझ्या हातातून घेतला. मग विचारलं, मग त्याला खरा किती होता. मी म्हटलं, मोजला गेला तो चहा; चहा पिताना बसला होता ना उठून? शंभर. फार तर एकशे एक. दोन दिवसांत कामाला गेला असता.

गप्प बसता आलं असतं. शंभर म्हणायची गरज नव्हती. पण आत बेबी होती, मी काय करणार होते.

मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. सात लाद्या, म्हणाले. सातही मीच आणल्या.

मग दार उघडलं. बेबी जिवंत आहे! लालबुंद, ओठ फुटलेले, हाताची नखं दारात राहिलीत, पण जिवंत. जिन्यात आडव्या आलेल्या वहिनींना बाजूला सारून त्यांनी तिला वर आणून पलंगावर ठेवलं, पायाखाली उशी दिली. माझ्यासमोर हात जोडले. मला वाटलं सुटलो.

जाताना कडी घातली. सवयीने घातली असेल. बेबीला चमच्याने पाणी देतेय.

रविवार, तीन

सवयीने नव्हती.

खिडकीतून हौद दिसतो. मिस्त्री बाहेर जाऊन आले, हातगाडीवर सात लाद्या. वहिनी अंगणात उभ्या होत्या. कोणासाठी, असं विचारलं त्यांनी. मिस्त्रींनी त्यांना उचललं.

मी ओरडले. गज हलवले. मशीन सुरू होतं, रिकामंच, लाकूड नव्हतं त्यात.

त्या मजबूत बाई आहेत. हौदाच्या काठाला धरून अर्ध्या बाहेर आल्या, मिस्त्रींनी हातोड्याने बोटं काठावरच — मग दुसऱ्या हाताची. मग दाबलं. मग वर काढलं. आणि मोजला. थर्मामीटर धुतला, झटकला, जिभेखाली ठेवला, हनुवटी धरून तोंड मिटवलं, घड्याळ बघितलं. डोळ्यांसमोर आडवा धरून फिरवून वाचला. अगदी मी दाखवला तसा. मग पुन्हा लादी, पुन्हा आत.

सात वेळा. दर वेळी नीट झटकला.

चौथ्या की पाचव्या वेळी वहिनी काहीतरी म्हणाल्या. दात वाजत होते त्यांचे. मला ऐकू नाही आलं. पण त्यांनी तुटका हात वर केला, या खिडकीकडे. आणि मिस्त्रींनी मान वर करून बघितलं.

माझ्याकडे नाही. माझ्या मागे पलंगाकडे.

पाय.

भाऊ गेला त्या दिवशी मिस्त्री मशीनवर होते. पाय कोणी धरले त्यांना माहीतच नव्हतं.

आता वहिनी हलत नाहीत. पाणी लाल आहे.

रविवार, नंतर

कपाट दाराला लावलं. एका हाताने. बेबीने बसल्या जागेवरून ढकललं.

ते दार तोडत नाहीत. धक्कासुद्धा नाही. बिजागरीचे स्क्रू काढताहेत. बाहेरून. एकेक काढून खिशात टाकतात, छन् वाजतं.

वरची बिजागरी सुटली.

बेबी विचारतेय, मावशी, बाबा असं का करताहेत. मी सांगितलं नाही. म्हटलं, डोकं फिरलंय त्यांचं. माझ्याकडे बँडेजची कात्री आहे. बोथट.

मधली —

विचारताहेत. शांतपणे. पाय कोणी धरले होते.

बेबीने तोंड उघडलं, मी हात ठेवला तिच्या तोंडावर. दाबून. मी म्हटलं, मी.

स्क्रू थांबला.

सिस्टर, तुम्ही तेव्हा नव्हता, म्हणाले.

होते, म्हटलं. वहिनींनी मदतीला बोलावलं होतं. तुम्ही मशीनवर. तुम्हाला कुठे दिसलं? बेबी शेजारी होती. वहिनी दोष पोरीवर ढकलणारच, स्वतःच्या लेकीचा पाय मोडणारी बाई ती. पाय मी धरले. या हातांनी. बघा हवं तर.

मोजताहेत मनात.

मग या बाहेर, म्हणाले. पोरीला काही नाही करणार.

खरं वाटलं त्यांना — वाटलं — कपाट सरकवतेय. वही हिच्या उशीखाली. ती माझा पदर सोडत नाहीये, ताप चहाचा होता हे तिला अजून कळलेलं नाही, आणि कधीतरी कोणीतरी हिला सांगेल, कुठलीतरी नर्स, सहज बोलता बोलता — त्याआधी मी सांगते. बेबी, तू वाचशील हे. तू पाय धरलेस ते त्याला बरं वाटावं म्हणून. तुला कोणी शिकवलंच नव्हतं गं, तुझा काही दोष नाही, तू फक्त